थोरल्याचा पाय

वादळ एका दुपारी आलं आणि गेलं, पण जाताना रस्त्याकडेची निम्मी झाडं आडवी करून गेलं. काही मुळासकट उपटली होती, काही कमरेत मोडून शेजारच्या झाडावर रेलली होती. लोकांची छपरं उडाली, तारा तुटल्या आणि झाडं तोडणाऱ्यांचे दिवस आले. एकाचं मोडतं तेव्हाच दुसऱ्याचं चालतं, हे काही आजचं नाही.

धाकटा झाडं तोडायचा. कमरेला दोर, पाठीला कुऱ्हाड, आणि शेंड्यापासून एकेक फांदी उतरवत खाली यायचं. उभ्या झाडाचं त्याला भय नव्हतं. आडव्या झाडाला तो भ्यायचा. पडलेल्या झाडाच्या अंगात ताण असतो, तो कुठून सुटेल सांगता येत नाही, असं तो बायकोला सांगे. ती म्हणे, मग नका जाऊ. तो म्हणे, मग खाऊ काय, तुझं डोकं?

थोरल्या भावाचं तसं नव्हतं. तो नदीपलीकडच्या सूतगिरणीत कायम होता. महिन्याचा पगार, आठवड्याची सुट्टी आणि दवाखान्याचं कार्ड. त्या कार्डावर तो, त्याची बायको आणि म्हातारी आई एवढे बसत. धाकटा आणि त्याची बायको बसत नसत. थोरल्याला गेली कितीतरी वर्षं शुगर होती. त्याच्या तळपायांना हल्ली गरम-गार कळत नसे. गोळ्या कार्डावर मिळत, आईच्या डोळ्यांचं ऑपरेशनही कार्डावरच झालं होतं. घरात त्या कार्डाला जपत तेवढं कुणी कुणाला जपत नसेल.

बाकी घरात सगळं सामाईक होतं. चूल एक, सायकल एक, थंडीचा कोट एक. बाहेर जायच्या बुटांचाही एकच जोड, कारण दोघांचे पाय एका मापाचे. ज्याला चार माणसांत जायचं तो घालून जाई, दुसरा जुन्या चपलांवर भागवी. तोंडवळाही एकाच साच्यातला. रस्त्यात कुणी थोरला समजून धाकट्याला रामराम केला तर तो मुकाट्यानं घेई आणि घरी येऊन सांगे, "दादा, तुझा एक रामराम आणलाय."

वादळानंतरच्या सुट्टीच्या दिवशी धाकटा गावाबाहेर एका आडव्या खोडावर करवत चालवत होता. खोड मधेच कडाडलं, वरचा भाग हलका झाला आणि बुंधा उतारानं गडगडत त्याच्या डाव्या पावलावरून गेला. ओरडायलाही त्याला उशीर झाला. थोरला घरूनच धावत आला, मागोमाग दोघी जावा, थोरली आणि धाकटी. टेंपो मिळाला. मागं धाकट्याचं डोकं त्याच्या बायकोच्या मांडीवर, पाय थोरलीच्या मांडीवर, आणि वाटभर थोरला तो पाय आपल्या सदऱ्यानं आवळून बसला होता.

मोठ्या दवाखान्याच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, "कार्ड आहे?"

थोरल्यानं खिशातून कार्ड काढलं आणि दिलं. कट असा कुणी केला नव्हता. सायकल द्यावी, बूट द्यावेत, तसं त्यानं कार्ड दिलं. माणसानं फोटो बघितला, चिखलानं आणि रक्तानं भरलेलं ते तोंड बघितलं आणि विचारलं, "बायको कोण यांची?"

थोरल्यानं आपल्या बायकोकडं बघितलं. थोरली एक पाऊल पुढं झाली. "मी."

"आणि या?"

"धाकटी जाऊ," थोरली म्हणाली.

धाकटीचे दोन्ही हात नवऱ्याच्या रक्तानं कोपरापर्यंत भरले होते. आत लवकर घ्यावं, एवढंच तेव्हा तिच्या डोक्यात होतं.

आत घेतलं. पेशंटजवळ एकाच माणसानं थांबायचं, आणि ते माणूस बायको. तो पास थोरलीच्या हातात आला. धाकटीला बाहेरच्या बोळात लोखंडी बाक मिळाला. येणाऱ्या-जाणाऱ्यानं दार उघडलं की तिला आतल्या खाटेचा एक तुकडा दिसे, त्यात कधी नवऱ्याचा हात दिसे, कधी नुसती उशी. दाराशी बसलेला शिपाई दर वेळी म्हणे, "बाई, वाकून बघू नका. पेशंट तुमचा नाही."

थोरल्याला तर घरीही सुखानं बसता येईना. गिरणीच्या लेखी तो दवाखान्यात होता. गिरणीची गाडी त्यांच्याच दारावरून जायची, आणि कार्डवाल्यांचा माणूस चौकशीला कधीही येतो म्हणे. तेव्हा तो आतल्या खोलीत कोंडून घेऊन बसला. खोकला आला तर गोधडीत तोंड खुपसायचा. आई दारात बसून येईल त्याला सांगायची, थोरला दवाखान्यात आहे. आणि आतल्या थोरल्याला आपल्याच अपघाताची चौकशी ऐकू यायची. लोक त्याच्याबद्दल इतकं चांगलं बोलतात हे त्याला तोवर माहीत नव्हतं.

वॉर्डात नर्सनं जुनी फाइल काढली. "शुगरचे पेशंट ना तुम्ही? मागं इथं होता."

धाकट्यानं थोरलीकडं बघितलं. थोरली म्हणाली, "हो. जुनी शुगर आहे."

झालं. त्या दिवसापासून धाकट्याला बिनसाखरेचा चहा आला. तो चमच्यानं साखर ढवळून वर आणखी एक चिमूट टाकणारा माणूस. पहिला घोट घेऊन तो हळूच म्हणाला, "वहिनी, दुखणं माझं आणि पथ्य दादाचं. हा कुठला न्याय?" थोरली तोंडाला हात लावून हसली. ते तिचं तिथलं शेवटचं हसणं.

सकाळ-संध्याकाळ शुगरच्या गोळ्या यायच्या. नर्स थोरलीच्या हातावर ठेवून पुढं जायची. थोरली धाकट्याच्या तोंडाशी हात नेऊन रिकामा हात दाखवायची आणि गोळ्या रुमालाच्या गाठीत बांधायची. त्या गोळ्या धाकटीमार्फत घरी जायच्या आणि खऱ्या मालकाच्या पोटात पडायच्या. थोरलीला यात चोरीसारखं काही वाटेना. औषध ज्याचं त्यालाच तर मिळत होतं.

पण एक दिवस दुसरीच नर्स आली. तिनं स्वतःच्या हातानं गोळ्या त्याच्या जिभेवर ठेवल्या, पाणी पाजलं आणि तोंड उघडायला लावून बघितलं. थोरली बघत राहिली. दुपार व्हायच्या आत धाकट्याला दरदरून घाम सुटला. हात थरथरायला लागले. थोरलीला तो "आई" म्हणाला. ती बोळात धावली. "साखर. कुठूनही आण." धाकटी खाली चहावाल्याकडं पळाली, मूठभर साखर घेऊन आली. दारात शिपायानं अडवलं. तिनं मूठ थोरलीच्या मुठीत रिकामी केली आणि दार बंद झालं. आत काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता. धाकटी आपला चिकट हात पुसायचंही विसरून उभी राहिली.

बऱ्याच वेळानं थोरली बाहेर आली. "आहे. बोलतोय."

"ताई, हे बरं नाही," धाकटी म्हणाली. "आज गोळी होती. उद्या सुई असेल. आपण सांगून टाकू."

"काय सांगशील?"

"खरं ते."

"आणि मग?" थोरलीचा आवाज चढला नाही. "कार्ड जाईल, नोकरी जाईल. दवाखान्याचा सगळा बोजा डोक्यावर येईल, आणि पोलीस घरी येतील ते वेगळंच. तुझे दीर गोळीशिवाय किती दिवस जगतील? आपण हात दाखवून अवलक्षण करायचं का?"

दगडाखाली हात सापडला की माणूस हात ओढत नाही, दगडाला गोंजारतो. धाकटी परत बाकावर जाऊन बसली.

पाऊल मात्र कुणाचं ऐकत नव्हतं. बोटं काळी पडत चालली. पट्टी बदलताना येणारा वास बोळापर्यंत येऊ लागला. हाडांचे डॉक्टर आले, त्यांनी खूप वेळ पाऊल बघितलं, बोटानं दाबून बघितलं, मग बाहेर येऊन थोरलीला म्हणाले, "घोट्याच्या वरून काढावा लागेल. उद्या सकाळी."

थोरलीनं भिंत धरली.

"साधा माणूस असता तर मी थांबलो असतो," डॉक्टर म्हणाले. "टाचेला अजून ऊब आहे. पुन्हा साफ करून आठवडाभर वाट बघितली असती, बहुतेक बोटांवर भागलं असतं. पण यांची इतक्या वर्षांची शुगर. आत्ता ताब्यात दिसते ती गोळ्यांमुळं. आतल्या शिरा केव्हाच खराब झालेल्या असतात. मी धोका घेणार नाही. कार्डात सगळं बसतं, ती काळजी करू नका."

ते गेले. बाकावर बसलेल्या धाकटीनं प्रत्येक शब्द ऐकला होता. साधा माणूस असता तर. तिचा नवरा साधाच माणूस होता. चमचा चमचा साखर खाणारा.

तिन्हीसांजेला ती घरी गेली. आतल्या खोलीत थोरला भिंतीला टेकून पाय पसरून बसला होता. दाढी वाढली होती. तिनं उभ्यानंच सगळं सांगितलं. आई दारात येऊन थांबली.

"दादा, तुम्ही चला," धाकटी म्हणाली. "तुम्ही समोर उभे राहिलात की कुणाला सांगायची गरज नाही. तुमच्याकडं बघतील, त्यांच्याकडं बघतील आणि पाय वाचेल."

थोरला आपल्या पायांकडं बघत होता. "सांगायला पाहिजे," तो म्हणाला. "पायापुढं नोकरी काय मोठी आहे."

"मग चला."

"सकाळी जाऊ. पहिल्या गाडीनं."

आई म्हणाली, "तुरुंगात घालतात का रे अशाला?"

सकाळी धाकटी तयार होऊन अंगणात उभी राहिली. थोरल्यानं बूट घातले. कोट घातला. उंबऱ्यापर्यंत आला. तेवढ्यात गिरणीची गाडी वळणावर वाजली आणि तो जसा होता तसा मागं सरकून आत गेला. गाडी निघून गेली तरी बाहेर आला नाही. धाकटीनं हाक मारली. आतून उत्तर आलं, "तू हो पुढं. मी येतोच."

धाकटीला त्याचा इतका राग आला की तोंड कडू झालं. आणि लगेच कीवही आली, त्या किवेचाही तिला रागच आला. ती एकटी गेली.

डॉक्टर वॉर्डात फेरीवर होते. शिपाई काही बोलायच्या आत ती दार ढकलून आत घुसली आणि खाटेपाशी जाऊन थांबली. किती दिवसांनी ती नवऱ्याच्या इतकी जवळ आली होती. त्याचे गाल बसले होते.

"डॉक्टर, यांना शुगर नाही," ती म्हणाली. "कधीच नव्हती. पाय कापू नका."

"तुम्ही कोण?"

"मी यांची बायको."

नर्सनं फाइल उलटली. "या भावजय आहेत, सर. बायको या." तिनं थोरलीकडं बोट केलं.

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. आदल्या दिवसापासून उभे असल्यासारखे थकलेले होते. "बाई," ते म्हणाले, "पाय काढायचा म्हटलं की नातेवाईक काय काय सांगतात. मला राग येत नाही. पण फाइल आमच्याच दवाखान्याची आहे." मग थोरलीकडं वळून म्हणाले, "तुम्ही सांगा. हा तुमचा नवरा ना?"

थोरलीनं खाली बघितलं. तिच्या हातात रुमाल होता, त्याची गाठ ती सोडत होती आणि बांधत होती. हो म्हणवेना, नाही म्हणवेना. शेजारच्या खाटेवरचे लोकही बघायला लागले. धाकटी मनात म्हणत होती, ताई, बोल. एकदा बोल, जन्मभर तुझं पाणी भरीन.

बोलला तो धाकटा.

"हीच माझी बायको," थोरलीकडं बघून तो म्हणाला. आवाज खोल गेला होता, पण शब्द स्पष्ट होते. मग मान न वळवता त्यानं धाकटीकडं हात केला. "ही माझ्या धाकट्या भावाची. घाबरलीय. हिला बाहेर न्या."

शिपायानं तिच्या दंडाला धरलं. ती गेली. ओढावं लागलं नाही.

ऑपरेशनला नेणारी ढकलगाडी बाकासमोरून गेली तेव्हा त्यानं चादरीखालून हात काढून तिचं मनगट पकडलं. "दादानं कधी कुऱ्हाड धरलेली नाही," तो म्हणाला. "मी एका पायावर काहीतरी करीन. त्याची नोकरी गेली तर पाचही जण उपाशी बसतील." तिला म्हणायचं होतं, मला विचारलं का? पण गाडी पुढं गेली होती.

जखम झटपट भरली. टाके काढताना डॉक्टरांना फार आनंद झाला. "शुगरवाल्याची जखम इतक्या लवकर भरलेली मी बघितली नाही," ते थोरलीला म्हणाले. "छान काळजी घेतलीत तुम्ही." दार उघडं होतं. धाकटीला ते बाहेर ऐकू आलं. तिनं बाकाची लोखंडी कड इतकी घट्ट धरली की तळव्यावर वळ उठला.

घरी आणल्यावर काही दिवस सगळे एकमेकांशी गोड बोलत. ज्या घरात भांडण व्हायला हवं आणि होत नाही तिथं बोलतात तसं. थोरला भावाचं अंग पुसायचा, त्याला परसात न्यायचा. त्याच्या चहात साखर घालताना हात आखडता घेत नसे. आता थोडे दिवस जाऊ द्यायचे, मग कामावर हजर व्हायचं, असं तो म्हणे.

आणि एका सकाळी गिरणीचा हजेरी कारकून फळं घेऊन दारात आला.

थोरला गोधड्यांच्या थप्पीमागं दडला. कारकून खाटेशेजारी बसला. खाटेवर दाढी वाढलेला, वाळलेला माणूस. सूतखात्यात सगळे तोंडाला फडकं बांधून काम करतात, कापसाच्या धुळीनं भुवया पांढऱ्या होतात. शेजारच्या यंत्रावरचा माणूसही नुसत्या डोळ्यांनी ओळखायचा. कारकुनानं लेंग्याखालचं ते थोटूक बघितलं आणि त्याचे डोळे भरून आले.

"घाबरू नका," तो म्हणाला. "गिरणी तुम्हाला सोडणार नाही. दवाखान्याचा कागद आलाय, पाय गेला म्हणून. यंत्रावर आता उभं राहता यायचं नाही, तेव्हा साहेबांनी फाटकावर बसून काम द्यायचं ठरवलंय. पगार थोडा कमी. पण नोकरी कायम, कार्ड कायम. बरं वाटलं की या."

"येतो," धाकटा म्हणाला.

कारकून गेला. थोरला गोधड्यांमागून बाहेर आला आणि खोलीच्या मधोमध उभा राहिला. दोन्ही पायांवर. हे आधी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. नोकरी वाचवायला पाय दिला होता, आणि आता त्या नोकरीवर दोन पायांचा माणूस चालणार नव्हता.

आईनंच विचारलं. "मग जायचं कोणी?"

"ज्याचा पाय गेला त्यानं," धाकटा म्हणाला आणि हसला. बाकी कुणी हसलं नाही.

फाटकावरच्या पगारात पाच तोंडं भागणार नव्हती. वादळातली झाडं अजून रस्त्याकडेला पडून होती. खुंटीला कुऱ्हाड होती. थोरल्यानं ती काढली आणि धार बघितली, ज्याला धारेतलं काही कळत नाही तो बघतो तशी.

ठरल्या दिवशी धाकट्यानं चांगल्या जोडातला उजवा बूट घातला. डावा खाटेखाली राहिला. कोटाच्या खिशात कार्ड ठेवलं. थोरली त्याला गाडीपर्यंत सोडायला गेली. फाटकावरच्या माणसाची बायको म्हणून पहिल्या दिवशी दिसलेली बरी, असं आईचं म्हणणं पडलं. धाकटी अंगणात राहिली. गाडीत चढताना कुणीतरी त्याला थोरल्याच्या नावानं हाक मारली आणि त्यानं ओ दिली.

मग ती थोरल्याकडं वळली. तो पायरीवर बसून दोराशी झटत होता. तिनं दोर हातातून घेतला आणि नवरा कमरेला बांधायचा तशी गाठ दाखवली. "अशी. आणि आडव्या झाडाच्या उताराकडं कधी उभं राहू नका. दादा, आणि पायाला जपा. तुम्हाला आता कार्ड नाही."

"हं," थोरला म्हणाला. चपला घालायला त्यानं पाय उचलला. अंगणात त्यानं नुकतीच फळी फोडून बघितली होती, सराव म्हणून. त्याच्या तळव्यात बोटभर लांब ढलपी रुतली होती आणि पायरीवर रक्ताचा ओला ठसा उमटला होता.

धाकटी पायरीशी वाकली. "दादा, पायाला केवढं लागलंय."

थोरल्यानं दोन्ही पाय पुढं घेतले आणि वाकून बघितलं.

"कुठं?" तो म्हणाला.